धुवांधारावर ओरडून बोललेलं

आम्हा बालाघाटच्या मराठी पोरांना एक वाईट खोड होती. बाहेर सगळी हिंदी, मराठी फक्त घरात. म्हणून कोणाची टिंगल करायची, कोणाचा काटा काढायचा, ते खुशाल त्याच्या तोंडावर मराठीत बोलायचं. कंडक्टरसमोर, मास्तरसमोर, बिनधास्त. कोणाच्या बापाले समजते? त्याच खोडीनं जबलपुरात आमचा घात केला.

कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेला आम्ही छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीनं गेलतो. आमचा कप्तान मँगनीजच्या खाणीच्या वस्तीतला. बाप खोकून खोकून अर्धा झाला होता. त्याला आपली जागा पोराला देऊन घरी बसायचं होतं, पण खाणीचं नाव काढलं की पोरगा ताटावरून उठायचा. शेवटी बाप म्हणाला, यंदापर्यंत मी खाणीत उतरतो. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर रेल्वेवाले खेळाडू म्हणून घेतील. नाही झाली, तर मुकाट्यानं फावडं उचलायचं. निवड करणारे साहेब फायनलला येणार होते, अन् कप्तानाचा उजवा हात असा, की चेंडू सुटला की जाळी हललीच म्हणून समजा.

फायनल दुपारी होती. एवढ्या दूर येऊन भेडाघाट पाहिलं नाही तर घरचे हसले असते, म्हणून सकाळी तिकडे गेलो. फायनलमधली दुसरी टीम सागर शहराकडची. तीही धुवांधार धबधब्यापाशी आमच्या बाजूच्या खडकावर उभी होती. पाण्याचा गडगडाट एवढा, की ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. कप्तान ओरडला, "त्या लांबट्याच्या गुडघ्याले पट्टी हाये. पहिल्याच धक्क्यात गुडघा फोडतो, मंग पाहू कसा उडते!"

आम्ही खो खो हसलो. लांबट्या पाण्याकडे पाहत शेंगदाणे खात राहिला. सागरकडेही पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेत, हे आम्हा शहाण्यांना ठाऊकच नव्हतं.

खेळ सुरू झाला. कप्तान गुडघ्यावर चालून गेला, तर लांबट्या आधीच बाजूला सरकलेला. कप्तान मुरमावर तोंडघशी पडला. पंचानं फाऊल दिला, तरी हा पुन्हा गेला, पुन्हा पडला. मग कप्तान रिंगसाठी उडाला तेव्हा त्यांच्या दोघांनी त्याला हवेतच चेंगरलं. खाली आला तो उजव्या हातावर. लांबट्यानं त्याच्या बोटांवर बूट ठेवला अन् टाचेनं रगडलं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मग तो वाकला, अन् आमच्याहून स्वच्छ मराठीत म्हणाला, "गुडघा फोडणार होतास ना?"

माझं डोकं फिरलं. मी त्याचे केस धरले अन् थोबाड बोर्डाच्या खांबावर आपटलं. नाक चपटं होईपर्यंत आपटलं. त्यांच्या एकानं माझ्या तोंडावर गुडघा घातला, समोरचे दात गेले, ते मी थुंकले अन् पुन्हा धावलो. लोक खुर्च्या घेऊन मैदानात उतरले. आमच्या सरांचा चष्मा त्यांच्याच गालात रुतला. चुन्याच्या पांढऱ्या रेघांवर रक्तच रक्त. निवडीचे साहेब छत्री उचलून निघून गेले. लाज वाटते का म्हणाल, तर नाही वाटत. तो लांबट्या आज सापडला तर आजही हाणीन.

कप्तानाच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता वळायची नाहीत.

बालाघाटच्या प्लॅटफॉर्मवर बाप सायकल धरून उभा होता. आम्ही सगळे एकदम सांगायला लागलो. त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही. प्लास्टरच्या टोकाशी निघालेली सुजलेली बोटं त्यानं चाचपली.

"फावडं धरता येईन का ह्या हातानं?"

कप्तानानं मान हलवली. नाही.

बापाला खोकल्याची उबळ आली. सायकलच्या दांडीवर वाकून त्यानं ती काढली, तोंड पुसलं. "राहू दे मंग," तो म्हणाला. "मीच उतरतो."

तो सायकल वळवून चालू लागला. मागे कप्तानानं तो प्लास्टरचा हात प्लॅटफॉर्मच्या खांबावर आपटला, पुन्हा आपटला, अन् आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला खाली पाडेपर्यंत आपटतच राहिला.