दुःखाच्या घरी आधी गाणं

नोकरीसाठी भिलाईत आलो, त्या पहिल्याच रविवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो होतो. उपासना संपताच एक बाई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“नवे दिसता. जेवाले कुठं जाता?”

मी मेसचं नाव काढताच म्हणाल्या, “तिथलं वरण मले माहीत आहे. चला घरी.”

त्या शालिनीताई साळवे. सेक्टर सहामधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये त्या दिवशी जेवलो आणि त्या घरचाच झालो. यंदा ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांनी शाळेत शिकवलेली मुलं आता स्वतः आजोबा व्हायला आली, तरी बाजारात ताई दिसल्या की स्कूटर थांबवून पाया पडतात.

खरं सांगायचं तर सदा हसतमुख माणसांचा मला कंटाळा आहे. ताईंचा आनंदही मला आधी भरल्या घरातला वाटे. यजमान प्रभाकरराव पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवत, मुलगी हुशार, अंगणात पेरूचं झाड. देवाचे आभार मानायला यांचं काय जातं, असं मी मनात म्हणे.

मग ऐन दिवाळीच्या तोंडावर प्रभाकरराव छातीत कळ येऊन तासाभरात गेले. त्या नाताळात घरोघर गाणी गात फिरताना आम्ही चर्चच्या मंडळींनी एकमतानं ठरवलं, ताईंच्या दारात गायचं नाही. संध्याकाळी ढोलक शालीत गुंडाळून, माझी बाजाची पेटी बंद करून आम्ही त्यांच्या क्वार्टरपुढून चोरासारखे निघालो. तेवढ्यात फाटक उघडलं.

“काहो, आमच्याच घरापुढून मुके कावून जाऊन राहिले? मी तुमचं काय घोडं मारलं?”

कोणीतरी पुटपुटलं, “ताई, तुमच्या घरी दुःख...”

“म्हणूनच तर! प्रभू काय सुखाच्या घरी जन्मला होता? गा आता. चहा चढवला आहे मी.”

आम्ही गायलो. ताईही गायल्या आणि गाता गाता ढसाढसा रडल्या. पदरानं डोळे पुसून पुढचं कडवं त्यांनीच उचललं, तेही आमच्यापेक्षा मोठ्यानं. हा आनंद भरल्या घराचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तो प्रभूकडून आलेला होता, म्हणून घर रिकामं झालं तरी गेला नव्हता. तेव्हापासून वर्षभरात ज्या घरातलं कोणी देवाघरी गेलं असेल, तिथं आमच्या मंडळीचं पहिलं गाणं होतं.

एका वर्षी ते घर माझं होतं. माझी पत्नी सरला गेली आणि मी पेटी कपाटावर टाकली, चर्चला जाणं सोडलं, देवाशी बोलणंही सोडलं. नाताळात सगळे फाटकाशी आले, तेव्हा मी आतूनच म्हणालो, “ताई, माझ्याजवळ आनंद उरला नाही.”

“तुले कोण मागून राहिलं? आमी आणला आहे ना! तू फक्त दार उघड.”

मी दार उघडलं. दोन गाणी नुसता उभा राहिलो. तिसऱ्याला कपाटावरची पेटी खाली घेतली. सरला गेल्यानंतर पहिल्यांदाच, आपण जिवंत आहोत याचं मला बरं वाटलं.

ताई, प्रभू आपल्याला भरपूर वय देवो, गुडघे धड ठेवो आणि आवाज असाच खणखणीत राखो. यंदाच्या नाताळातही भिलाईत काही दारं आतून बंद असतील. तिथं आम्ही नुसते फाटकाशी उभे राहून काय करणार? हाक मारायला आपण हव्या आहात.