मामा मेट्रोत चुकले नव्हते

पुण्याच्या मेट्रोत रस्ता चुकलो तो मी. घरी मात्र नाव सांगितलं सासऱ्यांचं, आणि तीन महिने ते तसंच दडपून ठेवलं.

मामा, म्हणजे माझे सासरे, निमगाव सावाला आमच्याकडेच राहतात. उभा जन्म विहिरी खोदण्यात गेला. त्यांच्या गुडघ्यासाठी मंडईजवळच्या डॉक्टरांची अकराची वेळ घेतली होती. शिवाजीनगरला सरकत्या जिन्यावर पाय ठेवला आणि मामा फूट मोजायला लागले. खाली पोचल्यावर भिंत ठोकून म्हणाले, "पावणं, इतकं खाली आलो अन् पाणी न्हाई? उपसून टाकत्यात कुठं?"

लोक बघायला लागले. मला लाज वाटली. आली ती गाडी धरली आणि त्यांना आत ओढलं.

"मंडई दक्षिणेला. आपण उत्तरंला चाललोय," मामा म्हणाले.

"मामा, जमिनीखाली दिशा कसली?"

"विहिरीत उतरलं की दिशा बदलत्यात व्हय?"

मी पुण्यात दोन वर्षं नोकरी केलेला माणूस. तेव्हा मेट्रो नव्हती, ही गोष्ट वेगळी. पुढे गाडी जमिनीवर आली, आत ऊन पडलं.

"मंडई भुयारात हाय म्हनला व्हता ना? अन् ती भोंग्यातली बाई बोपोडी म्हनतीय."

"तिला म्हणू द्या."

पिंपरी आली तेव्हा पटलं. परत फिरून पोचलो तोवर डॉक्टर उठून गेले होते.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा तोंडून निघालं, "तुझे वडील पाणी शोधत बसले, गोंधळले, भलत्याच गाडीत चढले."

मामा गुडघा चोळत बसले. बायको मात्र घाबरली. वडिलांना भ्रम व्हायला लागलाय म्हणून तिनं त्यांच्या मोटरसायकलची चावी काढून माझ्याकडे दिली. बेल्ह्याच्या बाजाराला जाणं बंद. विहिरीची जागा दाखवायला कुणी बोलावलं, की बायको त्याला दारातूनच परत लावायची. मामा ओट्यावर बसून रस्ता बघायचे.

परवा ती त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणाली. मग मात्र सगळं सांगून टाकलं.

तिनं वडिलांकडे बघितलं. "नाना, तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलू? जावई मीच पसंत केला व्हता."

मी मामांना चावी दिली. त्यांनी मोटरसायकल हलवून पेट्रोलच्या टाकीला कान लावला.

"कोरडी हाय की ही."

मग एवढे दिवस ती कोण फिरवत होतं, तेही सांगावं लागलं.