त्या दिवशी कळमन्याचा हर्रास झाला होता

आधी एक दुरुस्ती. अण्णाजी गेल्यावर मी इथे ब्लॉगवर लिहिलं होतं की, पत्नीच्या निधनाच्या दिवशी त्यांनी कळमन्याचा बाजार बंद ठेवला होता. ते चूक आहे. त्या दिवशी हर्रास, म्हणजे शेतमालाचा लिलाव, झाला होता आणि अण्णाजी स्वतः तिथे उभे होते. मी कुणाकडून तरी ऐकलेलं खात्री न करता लिहिलं. चौथीपर्यंत मला घरी आत्यानेच शिकवलं. ऐकलेलं असेल तर ‘ऐकलं’ असंच सांगायचं, हा तिचा पहिला नियम.

अण्णाजी मिरचीचे अडते, माजी नगरसेवक आणि व्यापारी संघटनेचे अध्यक्ष होते. आत्याच्या शेतातली मिरची वर्षानुवर्षं त्यांच्याच अडतीवर जायची. म्हणून त्यांच्या श्रद्धांजली सभेला जायचं तिने ठरवलं आणि मी सोबत निघाले.

उमरेडहून सकाळची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण बसायला जागा मिळेलच असं नाही. आम्ही निम्मा रस्ता उभ्यानेच गेलो. सीताबर्डीला हार घेतला, तर्री पोहे खाल्ले आणि प्रजापतीनगरपर्यंत मेट्रोने गेलो. मेट्रोतला गारवा सोडून उतरायला नको वाटत होतं. पुढे ऑटो. जाणार असाल तर पाणी आणि तोंडाला बांधायला ओढणी ठेवा. मिरचीच्या दिवसांत फाटकापासूनच ठसका लागतो.

फाटकाबाहेर मालाच्या गाड्यांची रांग होती. सभेसाठी बाजार दिवसभर बंद आहे, हे बऱ्याच जणांना इथे आल्यावर कळलं होतं. एका गाडीच्या सावलीत दोघे बसले होते.

“अण्णाजी असते तं हर्रास केला असता,” एक म्हणाला.

“ते असते तं बंदच कायले राह्यलं असतं गा?” दुसरा म्हणाला, आणि दोघेही थकल्यासारखे हसले.

मंडपात भाषणांमागून भाषणं झाली. मग संघटनेचे सचिव मोबाइलवरून काही वाचू लागले. ती माझीच वाक्यं आहेत हे समजायला मला थोडा वेळ लागला. दुःखाच्या दिवशी बाजार बंद ठेवायचा पायंडा अण्णाजींनीच घालून दिला आहे, असं सांगून त्यांनी सुचवलं की दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला बाजार बंद ठेवावा. येत्या गुरुवारच्या बैठकीत तसा ठराव होईल. लोकांनी माना डोलावल्या.

आत्या मोबाइलवर वाचत नाही. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं.

“त्या दिवशी माही मिरची त्याईनंच विकून देल्ली वं, मीनू,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “बंद कुठं होतं?”

बाहेरच्या गाड्या डोळ्यांसमोरून हलेनात. आता दरवर्षी अशीच रांग, तीही माझ्या चार ओळींच्या आधाराने. पण एकट्या आत्याच्या आठवणीवर विसंबून पुन्हा चूक करायची नव्हती, म्हणून सभा संपल्यावर अण्णाजींच्या मुलीला, शैलाताईंना गाठलं. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं. त्यांनी अण्णाजींच्या फोटोवरचा हार सरळ केला.

“सकाळी आईले घाटावर नेलं आणि दुपारी बाबा बाजारात,” त्या म्हणाल्या. “म्हणे, लोक भाड्याच्या गाड्या करून आले, त्याईले वापस कसं पाठवू? मी किती दिवस बोलली नाही त्यांच्याशी. तुझं लिहिलेलं वाचलं ना, तं वाटलं, थांबले असते घरी तं किती बरं झालं असतं.”

मी विचारलं, दुरुस्त करू का?

“राहू द्यावं वाटते. पण या फोटोतल्या माणसाले नाही चालणार ते. कर.”

बैठकीत तुम्ही सांगाल का, हेही मी चाचरत विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“मी सांगितलं तं म्हणतील, पोरगीच बापाच्या मानाच्या आड आली. तू लिहिलं, तूच सांग.”

परतीच्या बसमध्ये आत्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. घरी आल्यावर दोनदा हात धुतले, तरी डोळे चुरचुरतच होते. सभेतलं एकही भाषण आता आठवत नाही. बायकोला पोचवून दुपारी बाजारात उभा राहिलेला माणूस आणि त्याच्यावर रुसलेली मुलगी, एवढंच सोबत आलं. दोघांचंही मला पटतं, म्हणून जास्तच थकायला होतं.

मोठ्या माणसांच्या बैठकीत मी कधी तोंड उघडलेलं नाही. काय बोलायचं ते तीनदा लिहून खोडलं. शेवटी आत्याने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, “मी पाहिलेलं मी सांगतो, तू ऐकलेलं तू सांग.”

बैठक हर्रासाच्या आधी आहे. गुरुवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघी कळमन्याला जातो आहोत.