तळ्याकाठचं मतदान

टेक्ससच्या अर्विंगमधल्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या तळ्याभोवती रोज सकाळी एक तेलुगू काका भेटतात. नाव मी अजून विचारलेलं नाही. कॉलेज नागपूरला झाल्यामुळे मराठी झकास बोलतात. फोन शर्टाच्या खिशात, आणि त्यातून भजनं नाही, तर त्यांच्या राज्याच्या विधानसभेचं आदल्या दिवशीचं कामकाज! "गावाशेजारी नवी राजधानी होतेय," ते एकदा म्हणाले, "आमचा तलाव तिच्या आड येतोय."

गप्पांच्या मधेच बोट वर करून ते मला गप्प करतात. विधानसभेच्या अध्यक्षांनी खाली बसवल्यासारखं वाटतं.

आज सकाळी त्या फोनवर तलाव बुजवायला परवानगी देणारं विधेयक मताला आलं. काका जागीच थांबले. खिशातून होकारांचा गलका उठला. मग नकाराची पाळी आली, आणि काका तळ्याकडे तोंड करून ओरडले, "नाही!" बदकं उडाली. कुत्रं फिरवणारी बाई दचकली.

"काका, ते कालच पास झालंय ना?"

"माहितीये," ते पुन्हा चालू लागले. "पण आमचे आमदार गप्प बसले. गावाकडून कुणीतरी म्हणायला नको?"