पुढचा भाग आधी कुणी पाहिला?

भर दुपारी, शेजाऱ्याच्या बंद दाराला कान लावून मी उभा होतो, हे आधी सांगून टाकतो. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात ऑफिसचे कपडे, हातात डब्याची पिशवी. चोरी पकडायला थांबलो होतो आणि ती पकडली, असंच मला वाटलं होतं.

विषय होता एका मालिकेचा. आमची सोसायटी स्वारगेटपासून जवळ, जुनी, लिफ्ट नसलेली. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चौघंजण ती मालिका बघायचो. मी, माझी बायको, वरच्या मजल्यावरची, खराडीला नोकरी करणारी मुलगी आणि खालच्या मजल्यावरचे काका. काकांचा उभा जन्म छापखान्यात गेलेला. काकूंना असल्या गोष्टींत रस नव्हता. त्या यायच्या नाहीत.

मालिका इंग्रजी. चंद्रावर गेलेली माणसं परतलीच नाहीत, तिथेच वस्ती करून राहिली, असं धरून इतिहास पुढे नेलेला. चंद्रावर दवाखाना, चंद्रावर निवडणूक, चंद्रावर घटस्फोट. नियम माझा होता. आठवड्याला एकच भाग, आणि पुढचा कुणीही आधी बघायचा नाही. कारण खरी मजा नंतरच्या चहाला असायची. तेव्हा प्रत्येकाचं मत निघायचं.

"चंद्रावर जाऊनही भांडी बाईच विसळतेय," बायको म्हणायची. "यात वेगळा इतिहास कुठे आला?"

"ताई, तोच तर पॉइंट आहे ना त्यांचा!" वरची मुलगी म्हणायची. "बाकी हा सीझन जाम स्लो आहे, ते सोडा."

मला त्या वस्तीचा प्रमुख आवडायचा. आपल्यात कुणीतरी फितूर आहे, असा त्याला संशय असतो आणि तो एकेकाची खोली तपासत सुटतो. मी त्याची बाजू घ्यायचो. एवढी माणसं सांभाळायची तर डोळे उघडे ठेवायलाच हवेत, असं माझं म्हणणं. काकांनी एकदा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तो घाबरलाय. घाबरलेला माणूस आधी दार लावून घेतो."

पुढच्याच शनिवारी त्या प्रमुखाने बाहेर असलेल्या सहकाऱ्याच्या तोंडावर दार लावलं.

वरच्या मुलीने टाळी दिली. "काका, तुम्ही लिहायला हवी होती ही!" काका हसले. मी हसलो नाही. त्या दिवसापासून मी पडद्यापेक्षा काकांकडे जास्त बघू लागलो.

आणि पुरावे मिळत गेले. एका भागात एक बाई हवेची नळी जोडत होती, संगीतसुद्धा शांत होतं, आणि काकांचा हात आधीच तोंडावर गेला. नळी नंतर फुटली. विनोदाला मात्र ते आमच्या मागून हसायचे. आधी आमच्या तोंडाकडे बघायचे, मग हसायचे. हे मला नाटक वाटलं. मुद्दाम उशिरा हसतात, म्हणजे कुणाला कळू नये. एकदा जिन्यात त्यांच्या पाठीमागून उतरताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "काय काका, पुढे काय होईल?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. लबाड आहेत, मी मनात म्हटलं.

मग ती दुपार आली. ऑफिसातून लवकर सुटलो होतो. जिना चढताना काकांच्या दारातून मालिकेचं सुरुवातीचं संगीत बारीक ऐकू आलं. मी थांबलो आणि दाराला कान लावला. आत एक वाक्य झालं, मग शांतता. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा शांतता. मग तिसऱ्यांदा. पाठ करतायत, मला वाटलं. आमच्यासमोर शहाणपणा मिरवायला पाठ करतायत! मला राग तर आलाच, पण त्याहून जास्त आनंद झाला होता. ते आठवलं की आजही लाज वाटते.

शनिवारी सगळे बसल्यावर मी रिमोट हातात धरूनच ठेवला. "काका, आजचा भाग आम्ही बघायचा, की तुम्हीच सांगताय? तुमचा पाठ आहे म्हणे."

काका माझ्याकडे बघत राहिले, मग बायकोकडे. मी तेच जरा आवाज चढवून पुन्हा म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. चष्म्याचं घर खिशात टाकत ते उठले. "बरं, निघतो मी."

दार लागलं. वरची मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. बायको म्हणाली, "झालं समाधान?"

काका त्यानंतर आलेच नाहीत. जिन्यात दिसले की कठड्याकडे सरकून मला वाट द्यायचे. बायको शनिवारी त्यांचा कप काढायची आणि परत ठेवायची.

शेवटी काकू आल्या. मी एकटाच होतो. त्या उभ्याउभ्याच बोलल्या. "ह्यांना ऐकू येत नाही हो. छापखान्यातल्या मशीनींनी कान गेले. तुमच्याकडे पडद्यावरची ती खालची अक्षरं झपाझप जातात. म्हणून दुपारी थांबवून थांबवून वाचायचे. नाहीतर चहाच्या वेळी काय बोलणार?"

"मग सांगायचं ना, काकू."

"कळलं की लोक ओरडून बोलायला लागतात. तुमच्याकडे त्यांच्याशी सगळे साधं बोलायचे, तेवढ्यासाठी ते आठवडाभर वाट बघायचे." दारातून वळून त्या म्हणाल्या, "मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका."

आता पंचाईत झाली. माफी चौघांत मागायला हवी होती, कारण अपमान चौघांत केला होता. पण कारण सांगायचं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांना घेऊन काकांकडे गेलो. बायकोने भडंग केलं होतं. काकांनी दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाले. काकूंनी खुर्च्या ओढल्या. मी माझी खुर्ची काकांच्या समोर, दिव्याखाली घेतली, माझं तोंड त्यांना नीट दिसेल अशी. आवाज न चढवता, सावकाश म्हणालो, "काका, त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो. ते चूक होतं."

"पण काका, तुम्ही आधी बघत होतात ना?" वरच्या मुलीने विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकू पदराशी चाळा करत होत्या.

"ते राहू दे," मी तिला म्हटलं, आणि पुन्हा काकांकडे तोंड केलं. "मी काय केलं ते सांगतो. दुपारी तुमच्या दाराला कान लावून उभा होतो. चोरासारखा."

बायकोने कपाळाला हात लावला. काका माझ्या ओठांकडे बघत होते. रिमोट त्यांच्याच हातात होता.

"कान लावून?" ते म्हणाले. "मग, कळलं काही?"

"नाही काका," मी म्हणालो. "काहीच कळलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ करा."