साहेबरावकाकांची डेपोतली रशियन

निगडीतल्या आमच्या लँग्वेज क्लासच्या चौकशीच्या टेबलावर मी नऊ वर्षं बसते आहे. कोणत्या भाषेला सध्या किती भाव आहे, हे मला दारातून आत येणाऱ्याच्या चालीवरून कळतं. जर्मनसाठी आई-बाप जोडीनं येतात, स्थळ पाहायला आल्यासारखे, आणि मुलाला बोलूच देत नाहीत. जपानीसाठी डिप्लोमा झालेले मुलगे येतात, चाकणच्या कंपनीत चिकटलेल्या कुणा मित्राचं नाव सांगतात आणि थेट परीक्षेची तारीख विचारतात. कोरियन शिकायला मुली तिघी-तिघी मिळून येतात. का शिकायचंय म्हणून विचारलं तर एकमेकींकडे बघून हसतात. खरं कारण त्यांच्या मोबाइलच्या कव्हरवरच छापलेलं असतं, एखादा कोरियन गायक. फ्रेंच शाळेतल्या मार्कांपुरती उरली आहे. चिनी येणाऱ्याला कंपन्या हाताला धरून नेतील, पण शिकायला चिटपाखरू फिरकत नाही. का, ते मला विचारू नका.

खोल्याही त्याच हिशेबानं वाटलेल्या. जर्मनला एसी, जपानीला प्रोजेक्टर, कोरियनला भिंतभर पोस्टर. रशियनला मागची खोली, जिथं पाण्याचा फिल्टर आणि मोडक्या खुर्च्या आहेत. तिथं दर रविवारी सकाळी आठला साहेबराव ओव्हाळ शिकवतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

काका देहूरोडचे. लष्कराच्या डेपोत छत्तीस वर्षं नोकरी झाली, त्यांचे वडीलही तिथंच होते. चौऱ्याऐंशी सालच्या सुमाराला रशियन गाड्यांचे सुटे भाग खोक्याखोक्यांनी यायला लागले आणि खोक्यावर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येईना. ब्रेकचं म्हणून उघडावं तर आत पंप निघायचा. मग आठ कामगार निवडून त्यांना सहा महिने रशियन शिकवली. शिकवणारे घोषबाबू कलकत्त्याचे. काका सांगतात, “मास्तर स्वतः कधी रशियाला गेले नव्हते, पण ऐट अशी, की आत्ताच विमानातून उतरलेत!”

तेव्हा रशियनचा तोरा आजच्या जर्मनसारखा होता. कॉलनीत काकांना ‘रशियन साहेब’ म्हणायचे. कस्तुराकाकूंच्या वडिलांनी तर मुलगा बघायच्या आधीच होकार कळवला, म्हणे, एवढी अवघड भाषा पचवलीय तर संसारही पचवेल. पुढं तो सोव्हिएत देशच मोडला. आठांतले सात जण सगळं विसरले आणि सुखी झाले. काका मात्र घोषबाबूंचे धडे उतरवलेल्या चार वह्या रोज सकाळी चहाबरोबर मोठ्यानं वाचत राहिले. काकू म्हणतात, “ह्यांचं माझ्यापेक्षा गिअरबॉक्सशी जास्त बोलणं झालंय.”

आमच्याकडे ते आले होते नात सोनू हिचं नाव जर्मनला घालायला. अर्ज भरत होते, तेवढ्यात चाकणजवळच्या गावातले दत्तोबा आत आले. थोडी शेती, आणि एका कंपनीच्या गेटवर नोकरी. त्यांची मुलगी तेजल डॉक्टर व्हायला किरगिझस्तानला निघाली होती.

“तिथं पेशंट रशियन बोलत्यात म्हनं,” दत्तोबा म्हणाले. “शिकवनारं कुनी हाय का, ताई?”

“रशियन नाही चालत आमच्याकडे. जर्मन घ्या ना.”

“जर्मन घिऊन काय करू? पोरगी जर्मनीला न्हाई निघाली.”

शेजारून काकांनी पेन टेबलावर ठेवलं आणि ते हळूच म्हणाले, “मला येते थोडी.”

असा तो वर्ग सुरू झाला. पहिल्याच रविवारी काकांनी पिशवीतून सायकलचा पंप काढून टेबलावर ठेवला. मुलांनी तो खोलायचा, एकेका भागाचं नाव घ्यायचं, पुन्हा जोडायचा. मग दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाच्या हातात यंत्र, दुसऱ्यानं डेपोतल्या क्रमानं विचारायचं : कधीपासून बंद आहे? आवाज येतो का? तापतं का? गळतं का? बंद पडायच्या आधी काय काम चालू होतं? शरीराच्या अवयवांची नावं काकांनी शब्दकोशातून शोधून दिली, पण प्रश्न सगळे ब्रेकचे आणि पंपाचेच. “बिघाड विचारायची रीत एकच असते,” ते म्हणायचे. तेजलनं ही रीत अशी घोटली, की तिची आई म्हणे मिक्सर बिघडला तरी तिच्यापुढं न्यायला घाबरायची.

तेजल गेली. तिच्यामागून दर वर्षी पाच-सात मुलं यायला लागली. तीन वर्षांनी, गेल्या जूनमध्ये, तिचा मला मेसेज आला. वॉर्डात पहिलाच दिवस होता. गुडघा धरून बसलेल्या एका म्हाताऱ्याला तिनं विचारलं, की सांधा कधीपासून जाम आहे, लोड दिल्यावर आवाज येतो का, तेल गळतं का? सगळा वॉर्ड हसला. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे हॉस्पिटल आहे, गॅरेज नव्हे. मेसेजच्या खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

माझ्या जिभेला हाड नाही. मी तो मेसेज ऑफिसात मोठ्यानं वाचला. क्लासचे मालक सुजितसर इतके हसले, की हातातला चहा शर्टावर सांडला. आणि सोनूला जर्मनच्या वर्गाला सोडायला आलेले काका मागच्या फिल्टरपाशी बाटली भरत उभे होते.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाटलीचं झाकण लावलं, माझ्यासमोर येऊन बसले. “या रविवारी शेवटचा वर्ग. मुलांना दुसरीकडं कुठं सोय बघायला सांग.”

“काका, गंमत केली हो तिनं.”

“विजयश्री, एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. रशियन ज्याची रोजची भाषा आहे, असा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. खोकी भेटली, घोषबाबू भेटले. मी बोलतो ते त्या लोकांना कळतं का, हेच मला ठाऊक नाही. आणि मी पोरांना आजारी माणसांपुढं उभं करतोय.”

मला इतकी लाज वाटली, की वर बघवेना. चाळीस वर्षं रोज चहाबरोबर बोललेली भाषा खरी की खोटी, हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं ते मी, हसत हसत. सुजितसरांना मात्र बरंच वाटलं. तसे ते वाईट नाहीत, पण जर्मनची नवी बॅच उतू चालली होती आणि त्यांना रविवारची खोली हवी होती. मी संध्याकाळी तेजललाच झापलं. चूक माझी, पण झापलं तिला. तुझ्या गमतीपायी काका वर्ग बंद करतायत, आता तूच निस्तर, असं लिहिलं. तिचं उत्तर आलं, “ताई, मी अर्धंच सांगितलं होतं. पुढं काय झालं, ते कुणी विचारलंच नाही.”

रविवारी सात मुलं आली होती. काकांनी पंप आणलाच नव्हता. साडेआठला माझ्या मोबाइलवर तेजलचा व्हिडिओ कॉल आला. मी पळत मागच्या खोलीत गेले आणि फोन फिल्टरला टेकवून ठेवला. पांढऱ्या कोटातली तेजल, आणि शेजारच्या खाटेवर दाट मिशांचा एक म्हातारा.

“काका, सगळे हसले, पण हे आजोबा नाही हसले,” तेजल म्हणाली. “यांनी एकेक करून उत्तरं दिली. सकाळी जाम असतो, जिना चढताना आवाज येतो, गळत काही नाही, पण सुजतो. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय यांनी. आता दुसऱ्या कुणाला गुडघ्याला हात लावू देत नाहीत. तुला ज्या मिस्त्रीनं शिकवलं त्याला बघायचंय, म्हणतात.”

तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. म्हातारा काहीतरी बोलला. काकांनी वळून मुलांकडे पाहिलं.

“काका, तुम्हालाच विचारतायत,” एक मुलगी कुजबुजली.

काका साहेबापुढं उभं राहावं तसे उभे राहिले आणि एक वाक्य बोलले. म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. माझा जीव टांगणीला लागला. काकांनी तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं. आणि तिकडून जो धबधबा सुटला! म्हातारा बोलतोय, मांडीवर थाप मारतोय, काका मध्येच काही विचारतायत, तो हातानं दांडा ओढून दाखवतोय, काका मान हलवून नाही नाही म्हणतायत. मला अक्षर कळत नव्हतं. पण आमच्या भागात जन्म काढलेल्या माणसाला, दोन पुरुष गिअरवरून भांडतायत एवढं ओळखायला भाषा लागत नाही. सुजितसर जर्मनच्या मुलांची यादी घेऊन दारात आले होते. ते तसेच उभे राहिले, आणि मग यादी घडी घालून खिशात ठेवत निघून गेले.

चौदा मिनिटांनी तेजलनं फोन परत घेतला. काकांनी तिला बजावलं, “वॉर्डातले शब्द मला दर आठवड्याला पाठवायचे. माझं निम्मं चुकतंय.” फोन बंद झाला. काका मोडक्या खुर्चीवर बसले, चष्मा काढला आणि डोळे पुसले, कुणालाही न लपवता.

“कळलं गं त्याला,” ते मला म्हणाले. “सगळं कळलं.”

“काय म्हणत होते ते?” मी विचारलं.

“क्लचबद्दल साफ चुकतोय. ऐकतच नाही.” काका हसायला लागले. “पुढच्या रविवारी आहेस का, म्हणून विचारत होता.”

“मग?”

“आहे म्हणालो.”