रविवारचं गाणं शुक्रवारी

देवाला इतक्या मोठ्या आवाजात हाक मारणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्याच्या शेजाऱ्यानं केव्हाच घर विकलं असेल. मी विकलं नाही. अमरावतीत आमच्या आणि त्याच्या घरात एकच भिंत, तीही चार इंची, माझ्या बापानं आणि त्याच्या बापानं निम्म्या निम्म्या विटा घालून बांधलेली. त्या भिंतीपलीकडे एक ख्रिस्ती रॉक गायक राहतो. हे मी म्हणत नाही. त्यानं स्वतःच दारावर तशी पाटी लावली होती, आणि तिच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पंखे, मिक्सर व कूलर दुरुस्त करून मिळतील.' पोट खालच्या ओळीवर चालायचं आणि जीव वरच्या ओळीत अडकलेला असायचा.

केस खांद्यापर्यंत, गळ्यात लाकडी क्रूस आणि अंगात काळं चामडी जाकीट. हे जाकीट तो मे महिन्यातही काढत नसे, आणि वऱ्हाडातला मे महिना ज्यानं काढलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. एकदा अकोल्याला मेळाव्यात भर दुपारी तिसऱ्याच गाण्याला तो भोवळ येऊन पडला. लोकांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. मंडपभर हालेलूयाचा गजर सुरू झाला आणि पाणी मारायचं कुणालाच सुचेना. मी सोबत गेलो होतो म्हणून निभावलं. शुद्धीवर आल्यावर मी रागावलो, "अरे, ते जाकीट काढ आता." तर पडल्यापडल्या म्हणतो, "सर, जाकीट काढलं तं मंग मी निस्ता कूलरवाला उरतो." मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून त्याचा 'सर'. उष्णता आणि काळा रंग यांचा संबंध मी त्याला तिथेच समजावून सांगितला. त्यानं ऐकून घेतला आणि उठून चौथं गाणं म्हटलं.

गिटारीचा आवाज वाढवायचा भोंगा त्यानं स्वतः तयार केला होता, भंगारातल्या कूलरच्या पत्र्याच्या डब्यात बसवून. त्याचं नाव 'यरीहो'. यरीहो नावाच्या गावाची तटबंदी नुसत्या कर्ण्यांच्या आवाजानं कोसळली, असं त्यांच्या शास्त्रात आहे म्हणे. आमच्या भिंतीला पहिला तडा गेला तेव्हा मला ती गोष्ट पटली. बँडचं नाव त्यानं ठेवलं 'जीवनाची भाकर', आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर फोन नंबर दिला. झालं, लोक फोन करून विचारायचे, डबा किती वाजता मिळेल, दोन्ही वेळचा आहे का. हा शांतपणे सांगायचा, भाकर आत्मिक हाये, पण या, ऐकाले या. दोघंतिघं आलेही. ड्रम वाजवायला वलगावचा एक भाजीवाला होता, तो बाजाराच्या दिवशी मिळत नसे. की-बोर्डवर एक नर्सताई होत्या, त्या ड्युटी असली की मिळत नसत. म्हणून पुष्कळदा जीवनाची भाकर म्हणजे हा एकटाच. एकदा धारणीकडे कार्यक्रमाला जाताना जीप जंगलात बंद पडली. गाडी दुरुस्त होईपर्यंत या बहाद्दरानं जीपच्याच बॅटरीवर यरीहो लावला आणि रस्त्याच्या कडेला सगळा कार्यक्रम करून टाकला. ऐकायला दोन गुराखी आणि त्यांची गुरं. परत आला तो खुशीत. "सर, शेवटपर्यंत एकही जण उठून गेला नाही."

एवढा गोंगाट करणारा माणूस, पण सुराच्या बाबतीत कमालीचा हळवा. मी न्हाणीघरात गुणगुणायचो. माझा सूर कधीच जागेवर नसतो हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. पण सूर घसरला की भिंतीवर पलीकडून दोन थापा पडायच्या. ठप, ठप. मी सूर जरा वर घ्यायचो. पुन्हा ठप, ठप. एकदा वैतागून म्हटलं, "तुझ्या यरीहोबद्दल मी कधी काही बोललो का रे?" तर हात जोडून म्हणाला, "सर, मोठा आवाज माफ हाये. चुकीचा नाही."

हा आवाज एवढा मोठा का, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला नुसता चक्रम समजाल. त्याच्या म्हाताऱ्या आईला ऐकू येत नसे. कानाचं यंत्र तिला सोसवेना. पाळकसाहेबांचा उपदेश नाही, मंडळीची गाणी नाही, दारावरची घंटा नाही. पोराचा आवाज मात्र, तो यरीहोतून आला किंवा अगदी कानाशी आला, की तिला कळायचा. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसायची आणि त्याचं गाणं सुरू झालं की मान हलवायची. दरसाल ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, त्यांचा उपवासकाळ, ती चहा सोडायची. दिवसातून सहा वेळा चहा पिणारी वऱ्हाडातली म्हातारी चाळीस दिवस चहाशिवाय राहते म्हणजे काय, ते घरच्यांनाच ठाऊक. आम्हीही निम्मे घरचेच. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कब्रस्तानात जमायची. ही नवऱ्याच्या कबरीशेजारी खुर्ची टाकून बसायची, आणि पोरगा त्याचं ते एक गाणं म्हणायचा. मग ती म्हणायची, "उठला." म्हणजे प्रभू उठला. त्यानंतरच चहा. दुसरं कुणी कितीही सांगो, पोराचं गाणं कानावर आल्याशिवाय तिच्यापुरता प्रभू कबरीतच.

ते गाणं त्यानंच केलेलं. कबरीच्या तोंडावरचा दगड सरकलेला पाहून रडत उभ्या असलेल्या मरियेला उठलेला प्रभू विचारतो, बाई, का रडतेस? यानं ते आपल्या बोलीत बसवलं:

काहून रडून रायली माय,
दगड तं सरकला हाय,
ज्याच्यासाठी रडतं तू
तो तुह्या मांगंच उभा हाय.

हे गाणं चाललं. अकोल्याच्या मेळाव्यात लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं, अकोटला तर मंडपाबाहेरचे लोकही येऊन उभे राहिले. पुढच्या मोठ्या मेळाव्याला मुख्य गायक हाच, असं मंडळीनं, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांनी, ठरवलं. नाराज होते ते फक्त गार्डसाहेब. हे मंडळीचे ज्येष्ठ पंच. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण उपासना एक मिनिट उशिरा सुरू झाली तर अजूनही खिशात शिट्टी चाचपत. गिटार त्यांना मुळीच पसंत नव्हती. पण म्हातारीकडे पाहून ते म्हणाले होते, "ईस्टरच्या पहाटे म्हण बाबा. पण त्याच्या आधीचे चाळीस दिवस नाही. प्रत्येक गाण्याचा टाइम असतो."

आणि मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमची वैशू त्याच्याच ओट्यावर खेळून मोठी झालेली, त्याला काका म्हणणारी. मुलगा अकोटचा. मुहूर्त तीन निघाले, त्यातला एक शुक्रवार, कॅलेंडरात लाल. मी म्हटलं, छान, सरकारी सुट्टी आहे, सगळे मास्तर लोक मोकळे, हाच धरा. गुड फ्रायडे, एवढं त्या चौकटीत छापलेलं होतं. मी आयुष्यभर या माणसाच्या भिंतीला चिकटून राहिलो, आणि त्या दिवशी त्यांच्यात काय असतं हे एकदाही विचारलं नाही. पत्रिका द्यायला गेलो, तर यानं तारीख वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "येतो ना सर. तीन वाजता मोकळा होतो." मला वाटलं, कुठे पंखा खोलून ठेवला असेल. वैशू म्हणाली, "काका, मी निघतानी तुमी तुमचं ते माय वालं गाणं म्हणा, गिटारवर." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणतो माय," म्हणाला.

त्या दिवशी बारापासून तीनपर्यंत त्यांची उपासना होती, प्रभू क्रुसावर मरण पावला त्या तीन तासांची. तिथे हा साध्या पांढऱ्या सदऱ्यात उभा राहून शोकाची गाणी म्हणत होता, हे मला नंतर कळलं. पाचच्या सुमारास तो कार्यालयात आला तेव्हा अंगात जाकीट आणि हातगाडीवर यरीहो. पाठवणी सुरू झाली. वैशू माझ्या गळ्यात पडून वळली, गाडीकडे निघाली आणि यानं गिटार छेडली. काहून रडून रायली माय. अहो, मी लेकीच्या मागेच उभा होतो. 'तो तुह्या मांगंच उभा हाय' म्हणताच ती वळली, आणि मग मी चारशे पाहुण्यांसमोर जो रडलो, त्याला काही धरबंद राहिला नाही. अकोटहून वरातीसोबत आलेला बँडही वाजवायचा थांबला. बँडमास्तरानं क्लॅरिनेट काखेत धरून चाल दोनदा पुटपुटून घेतली.

यरीहोचा आवाज कार्यालयात मावणारा नव्हताच. चर्च तिथून दोन गल्ल्यांवर. गार्डसाहेब शोकाच्या उपासनेनंतरची आवराआवर उरकून, चर्चला कुलूप लावून घरी चालले होते, ते रस्त्यातच उभे राहिले, असं लोक सांगतात. शनिवारी पंचांची बैठक बसली. संध्याकाळी भिंतीपलीकडे काहीच आवाज नाही, म्हणून मी गेलो. यरीहोची वायर काढून गुंडाळून ठेवलेली.

"काय झालं रे?"

"एक वर्ष गाणं बंद सर. माईकले हात नाही लावाचा, गाणं सुरू नाही कराचं. मेळावाबी गेला."

"पण काहून?"

"प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. मी पहिल्याच दिवशी उठवलं." जरासा हसला. "गार्डसाहेब म्हणे, दोन दिवस आधी गाडी सोडली तू."

मी म्हटलं, गाढवा, मला एक शब्द बोलायचा होता, तारीख बदलली असती. "सर, वैशूचा मुहूर्त मी बदलू?" एवढंच म्हणाला. मग आतल्या खोलीकडे पाहून म्हणाला, "माझं जाऊ द्या. उद्या मायचा उपास कसा सुटंन, तेवढंच समजून नाही रायलं."

रात्रभर मला झोप लागली नाही. पहाटे बायकोनं थर्मास भरून दिला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कब्रस्तानात गेलो. म्हातारी खुर्चीवर बसलेली. हा शेवटच्या रांगेत, जाकिटाशिवाय, हात मागे बांधून. मंडळीनं दोन गाणी म्हटली, पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला. म्हातारी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "बाबू, झालं का सुरू? का अजून उठलाच नाही?"

मी गार्डसाहेबांपाशी गेलो. म्हटलं, लग्न माझ्या मुलीचं होतं, तारीख मी धरली, शिक्षा मला करा. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, "तुमी आमच्या मंडळीत नाही. तुमाले काय शिक्षा करू?" घड्याळ काढून पाहिलं. मग हलकेच म्हणाले, "मंडळीत नाही म्हणजे तुमच्यावर बंदीबी नाही. त्यानं सुरू कराचं नाही, एवढाच ठराव हाये. सुरू झालेल्या गाण्यात कोणी मिळाचं नाही, असं आमी लिहिलं नाही."

मी थर्मास खाली ठेवला आणि सुरू केलं. काहून रडून रायली माय. देवाशपथ सांगतो, इतकं वाईट मी न्हाणीघरातही कधी गायलो नव्हतो. पहिली ओळ एका सुरात, दुसरी भलतीकडेच. नर्सताईंनी तोंडाला पदर लावला. तिसऱ्या ओळीला माझ्या खांद्यावर मागून दोन थापा पडल्या. ठप, ठप. आणि तो माझ्या शेजारून पुढे गेला, खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि ना यरीहो ना गिटार, साध्या आवाजात शेवटची ओळ म्हणाला. म्हातारीनं मान हलवली. "उठला," म्हणाली. गार्डसाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं.

त्यानंतर त्याची कारकीर्द म्हणाल तर संपलीच. वर्ष सरलं, बंदी उठली, पण तोवर मेळाव्यांना दुसरी तरुण पोरं मिळाली होती. त्यानंही परत विचारलं नाही. जाकीट कपाटात गेलं, केस कापले. दारावरची पाटी तशीच आहे, वरची ओळ तेवढी उन्हानं पुसट झाली. गाणं मात्र त्याच्या हातून सुटून कुठल्या कुठे गेलं. अकोटच्या त्या बँडमास्तरानं ते उचललं, त्याचं पाहून दुसऱ्यांनी, आणि आता अकोल्यापर्यंत कुठल्याही पोरीच्या पाठवणीला हीच चाल वाजते. कुणाची म्हणून कुणाला माहीत नाही. परवा आमच्या गल्लीतून एक वरात गेली. क्लॅरिनेटवाला दुसऱ्या ओळीला घसरला, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या यानं लोखंडी फाटकावर दोन थापा मारल्या. बँडच्या आवाजात त्या कुणाला ऐकू जाणार.

बंदी उठल्यावरही ईस्टरच्या पहाटे गाणं मीच सुरू करायचं, हा आमचा रिवाज पडून गेला. म्हातारीला माझं ऐकू येत नसे, हे तिचं नशीब. यंदा तिची खुर्ची न्यावी लागली नाही. ती गेल्या पावसाळ्यात गेली, नवऱ्याशेजारीच आहे. मंडळी पांगल्यावर आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. आता कुणासाठी म्हणायचं, असा विचार मनात आला, तरी सवयीनं सुरू केलं आणि सवयीनं चुकलो. बराच वेळ थापा पडल्या नाहीत. मी आपला चुकीचाच म्हणत राहिलो. मग पडल्या, दोन. त्यानं खाली बसून, कबरीवरच्या मातीजवळ तोंड नेऊन, शेवटची ओळ म्हटली.

मी थर्मास सवयीनं आणलेला. चहा पिणारी तर गेली, म्हणून तसाच उचलून निघालो, तर त्यानं हात पुढे केला.

"द्या सर," म्हणाला. "चाळीस दिवस झाले."